पालथा दगड

मोरांच्या अभयारण्यातल्या जुन्या धनगर वस्त्यांचा इतिहास टिपायला मी बीडहून जायचो, तेव्हा एक म्हातारा मेंढपाळ हमखास भेटायचा. काहीही विचारा, आधी मेंढरांना एक हाळी देणार आणि मग उत्तराच्या शेपटीला 'आसंल बाबा' लावणार. खात्रीने तो एकाच गोष्टीबद्दल बोलायचा. माळावर त्याच्या बापाच्या नावाने उभा केलेला, काठी आणि मेंढरू कोरलेला दगड होता. मेंढी व्याली की दुधाची पहिली धार त्याच्यावर. मला तो दाखवताना त्याने लांबूनच चपला काढायला लावल्या होत्या. माझी सावलीसुद्धा त्यावर पडू दिली नव्हती.

त्या दगडाचा फोटो काढायचं ठरलं होतं त्या सकाळी मी पोचलो, तर दगड पालथा पडलेला. कोरलेली बाजू मातीत. आणि त्यावर हा चपलांसकट बसून तंबाखू मळत होता.

"कुणी पाडला?" मी विचारलं.

"मीच. पहार लावून."

"पण कावून?"

"पल्याडच्या माळावरचा दगड आसाच तुमच्यावानी एकानं वहीत लिहून नेलता. आता तितं सरकारी कुंपण हाय. मेंढरं न्हाईत, आमी न्हाई. धार घालायची तर इचारून जावं लागतंय."

या वेळी 'आसंल बाबा' आलं नाही.

"अन् वडील?"

"बापाला सांगूनच पालथा केलाय." तो बाजूला सरकला. "बसा की. दगडच हाय."

मी उभाच राहिलो. सवयीने काढलेल्या चपला माझ्या हातात होत्या.