कानाची परीक्षा

आमच्या दादाभाऊची कानाची परीक्षा मी दिली आणि पहिल्या नंबरानं पास झालो. हा किस्सा मी महाळुंगे पडवळच्या पारावर दहा वर्षं सांगत होतो. लोक पोट धरून हसायचे. दादाभाऊही हसायचा, कारण लोक हसताना त्याला दिसायचे. आता तो सांगवत नाही, म्हणून लिहितो.

दादाभाऊ माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा. सात वर्षांचा असताना त्याच्या मेंदूत ताप गेला. ताप उतरला, पण दोन्ही कान घेऊन गेला. दुसरीतनं शाळा सुटली. बोलणं तेवढं राहिलं, तेही एका पट्टीत आणि शेजारच्या वावरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. बाकीच्यांचं बोलणं त्याला अर्धंमुर्धं समजायचं. माझं मात्र ओठांवरनं अख्खं कळायचं, कारण आम्ही एका ताटात जेवून वाढलो. त्याची आई गोजरबाई म्हणायची, "अम्रत, तुजं त्वांड हाय तवर माज्या पोराला कान हायती." हे ऐकून मी फुगायचो. फुगायला मला फार काही लागत नाही.

ब्याण्णव साली तो भोसरीत खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. मी तिथंच खोली करून डी.एड.ला होतो. कारखान्यामागं पत्र्याच्या शेडमध्ये सावळाराम मास्तर बॉक्सिंग शिकवायचे. लष्करातनं निवृत्त झालेला माणूस, आवाज असा की कवायतीचं मैदान अजून समोरच आहे. दादाभाऊ आधी दारातनं बघायचा. महिनाभरानं त्यानं ग्लोव्ह्ज घातले आणि दोन जुन्या पोरांना खाली बसवलं. मी भीत भीत मास्तरांना सांगितलं, ह्याला ऐकू येत नाही.

"मंग लईच बरं," मास्तर म्हणाले. "माज्या शिव्यांनी ह्याचं ध्यान मोडायचं न्हाई."

दादाभाऊ त्या शेडमध्ये जेवढा खूश दिसायचा तेवढा मी त्याला घरीही पाहिला नव्हता. एकदा त्याला कारण विचारलं. म्हणाला, "हितं कोन माज्याशी वरडून बोलत न्हाई." मला तेव्हा ते फार मोठं कारण वाटलं नाही.

शहाण्णव साली मुंबईच्या एका ठेकेदारानं पैसे घेऊन लढणाऱ्या बॉक्सरांचा फड काढला. नारायणगावातनं तमाशाचे फड निघतात तसाच हाही गावोगाव फिरायचा. त्याचं लायसन हवं तर डोळे, रक्त आणि कान, तिन्हींचा रिपोर्ट लागत होता. पंचाची हाक ऐकू येत नसेल तर लायसन नाही. मास्तरांनी हात टेकले. म्हणाले, आता मिटलं. दादाभाऊ दोन दिवस जेवला नाही.

मग माझं डोकं चाललं. आमच्या भावकीत सगळ्यांची नाकं एका साच्यातली, मिशा आम्ही दोघंही सारख्याच ठेवायचो. पुण्यातल्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. नर्सनं पुकारलं, "दादाभाऊ!" खरा दादाभाऊ बाकावर ढिम्म बसून राहिला आणि मी उठलो. काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसवलं. टुं वाजलं की बटण दाबायचं. एकही टुं मी सोडला नाही. रिपोर्टवर छापून आलं, दोन्ही कान उत्तम. बाहेर आल्यावर दादाभाऊनं मला रस्त्यातच उचलून घेतलं. मी मोठा पराक्रम केला, असं मला खरंच वाटलं.

पाच वर्षांत तो अकरा लढती लढला, आठ जिंकला. प्रत्येक लढतीत त्याच्या कोपऱ्यात मी. घंटा झाली की रिंगच्या फळ्यांना खालनं दोन बुक्क्या मारायच्या, त्या त्याला तळपायात कळत. बाकीच्या वेळी मी आवाज न काढता नुसतं तोंड हलवायचो आणि तो डोळ्यांच्या कोपऱ्यातनं वाचायचा. पंचांना वाटायचं, गडी शिस्तीचा आहे. गोजरबाई प्रत्येक लढतीआधी ओझरच्या विघ्नहराला जाऊन यायची आणि आल्यावर विचारायची, "मार तर न्हाई ना लागत त्याला?" मी सांगायचो, मारतो तोच.

दोन हजार एकची शेवटची लढत एका मंगल कार्यालयात होती. फळ्या नव्हत्याच. सिमेंटवर गाद्या अंथरून वर ताडपत्री ताणलेली. माझ्या बुक्क्या त्याच्यापर्यंत पोचेनात. मग तो सारखा माझ्याकडे बघायला लागला. समोरच्याला हे दुसऱ्या फेरीतच उमगलं. हा कोपऱ्याकडे बघतो, तेव्हाच मारायचं. मलाही दिसत होतं. मी तोंडानं सांगत होतो, "हिकडं बघू नको! हिकडं बघू नको!" आणि ते वाचायला तो बघत होता. डाव्या डोळ्यावर बसलेला ठोसा तो हेच वाचताना बसला.

डोळ्याचा पडदा फाटला. शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही. लायसन गेलं. भोसरीच्या कारखान्यानंही मशीनवर एका डोळ्याचा माणूस नको म्हणून सांगितलं. बायको आरती आणि एक पेटी घेऊन तो गावी परत आला.

त्या वर्षांत आमच्याकडं बिबट्यांनी उच्छाद मांडला होता. उसाला पाणी धरायला बहिऱ्याला कोण ठेवणार? मागनं काय आलं ते त्याला कळायचं नाही. बटाट्याच्या काढणीत मुकादम हाका मारून मारून वैतागायचा. कुणी काम दिलंच तर मोठ्यानं ओरडून द्यायचा, आणि दादाभाऊ मान खाली घालून ते करायचा. आरती लोकांच्या वावरात खुरपायला जायची. मी तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी झालो होतो, घर बांधलं होतं. रविवारी त्याच्याकडं जायचो आणि पारावर बसून कानाच्या परीक्षेचा किस्सा रंगवायचो.

दोन हजार सहाला पेपरात जाहिरात आली. अपंगांच्या राखीव जागा भरायच्या होत्या, त्यात शाळेतल्या शिपायाची एक जागा कर्णबधिरासाठी. शिक्षणाची अट त्याच्यासारख्यालाही चालणारी. मी त्याला ओठांनी वाचून दाखवली. पहिल्यांदा समजूनही त्यानं ती तीनदा वाचून घेतली. मग म्हणाला, "शाळंतली घंटा मीच वाजवीन." मला हसू आलं, त्यालाही आलं. आरती चुलीपाशी उभी राहून डोळे पुसत होती.

एकच कागद कमी होता, अपंगत्वाचा दाखला. एका डोळ्यावर तो मिळत नाही, तेवढे टक्के भरत नाहीत. कानाचाच काढायला हवा होता. अर्जाला आठ दिवस उरले होते. फाइल मी लावली. जितके कागद जास्त तितकं काम पक्कं, ही आमच्या गावाची समजूत, आणि गुरुजी असून माझीही तीच. बॉक्सिंगची सगळी सर्टिफिकिटं घातली, डॉक्टरांवर छाप पडावी म्हणून. लायसनही घातलं. त्या लायसनच्या प्लास्टिकमध्ये मागं काय आहे ते बघितलं नाही.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला. काचेच्या खोलीत दादाभाऊनं एकदाही बटण दाबलं नाही. डॉक्टर फाइल चाळत होता. लायसन बाहेर काढलं, आणि त्यामागनं घडी घातलेला कागद निघाला. शहाण्णव सालचा. दोन्ही कान उत्तम.

"तुम्ही तर सातव्या वर्षापासून बहिरे लिहिलंय," डॉक्टर म्हणाला. "बटण न दाबणं सोपं असतं हो. गेल्याच महिन्यात तीन खोटे बहिरे पकडले आम्ही."

मी म्हटलं, हा खरंच बहिरा आहे.

"असेल. मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघायचं यंत्र मुंबईला आहे, नंबर चार महिन्यांनी लागेल. नाहीतर हा जुना रिपोर्ट चुकीचा कसा, ते माहीत असलेल्या कुणी आत्ता लिहून द्यावं. मी आत्ता सही करतो." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही कोण? तेव्हा होतात बरोबर?"

कागद टेबलावर होता. दादाभाऊनं तो ओळखला होता. दुसरीतनं सुटलेला असला तरी तो शिक्का त्याच्या ओळखीचा होता. त्यानं उजवा डोळा माझ्या तोंडावर लावला, कोपऱ्यात लावायचा तसाच.

त्या महिन्यात आमच्या तालुक्यात दोन गुरुजी खोट्या कागदावरनं घरी बसले होते. मला माझी शाळा दिसली, घर दिसलं, बायको दिसली. मी म्हणालो, "मला काही माहीत नाही, साहेब."

हे त्यानं अख्खं वाचलं. त्याला स्वतः सांगता आलं असतं. मोठ्यानं, एका पट्टीत, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं. पण त्यानं कागद गोळा केले, फाइलची नाडी बांधली आणि माझ्या आधी बाहेर पडला.

चार महिन्यांनी मुंबईच्या यंत्रानं सांगितलं, दोन्ही कान शंभर टक्के बहिरे. दाखला मिळाला. तोवर त्या जागेवर दुसरा शिपाई बसला होता. तशी जागा पुन्हा निघाली नाही. दाखल्यावर एसटीचं तिकीट कमी दरात मिळतं, पण दादाभाऊला कुठं जायचंच नसतं.

मी अजून रविवारी जातो. तो मला बसायला पोतं टाकतो, आरतीला चहा सांगतो. मी तोंड उघडलं की मान फिरवून गोठ्याकडं बघत बसतो. एवढं केलं की त्याला माझं काही ऐकू येत नाही. माफी मागायची तर त्यानं माझ्या तोंडाकडं बघायला हवं. चिठ्ठी त्याला वाचता येत नाही.

एकदा मी आरतीला म्हणालो, "वहिनी, तुम्ही तरी सांगा त्याला खुणेनं. मला माझी चूक कळलीय म्हणावं."

ती कप उचलत म्हणाली, "मी काय सांगू भावजी? तुमीच म्हन्ला व्हता ना, तुमाला काय म्हाईत न्हाई."