छोट्या लाईनीचं स्टेशन

मी शिकवायचे ती शाळा इंदूरपासून लांब, एका खेड्यात होती. तिथवर छोट्या लाईनीची, म्हणजे मीटर गेजची गाडी जायची. सकाळी डब्यात बसलं की तासाभरात स्टेशन, आणि स्टेशनाच्या मागे पाच मिनिटांवर शाळा. मग मोठी लाईन टाकायची म्हणून गाडी बंद झाली, रूळ उखडून नेले. नंतर कळलं, नवी लाईन या गावावरून जाणारच नाही.

त्यानंतर दोन बस बदलून हायवेला उतरायचं आणि रूळ काढलेल्या खडीवरून तीन किलोमीटर चालायचं. संध्याकाळी परत तेच. घरी पोचले की चपला काढायचंही जिवावर यायचं.

एका एप्रिलमध्ये, परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन दुपारी शाळेतून निघाले. स्टेशनापर्यंत आले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला धरून खाली बसले.

“मॅडमजी! क्या हुआ?”

पूर्वी फलाटावर सीताफळं विकायची ती बाई. आता वेटिंग रूममध्ये तिच्या बकऱ्या असत. तिनं मला आत नेलं, पोत्यावर आडवं केलं, ओला पदर कपाळावर ठेवला.

“बस निकल जाएगी,” मी म्हटलं.

“दूसरी आएगी. सो जाओ.”

बकऱ्यांच्या वासात मला खरंच झोप लागली. कित्येक महिन्यांत अशी झोपले नव्हते.

तिनं पाच वाजता उठवलं. गठ्ठा डोक्यावर घेऊन ती हायवेपर्यंत माझ्याबरोबर चालली. तिची मुलगी इंदूरला दिलेली. गाडी होती तेव्हा टोपली घेऊन जायची आणि दुपारभर मुलीकडे बसून यायची. गाडी बंद झाल्यापासून एकदाच गेली होती.

“चलो ना मेरे साथ, आज ही,” मी म्हटलं.

“बकरी कौन देखेगा?” ती म्हणाली आणि बसला हात केला.

घरी नवऱ्यानं माझा चेहरा बघितला. “इतकी परेशान होतेस, बदलीची ॲप्लिकेशन परत टाक ना.”

“दोनदा टाकली की.”

“मग तिसऱ्यांदा टाक.”

टाकली. पुढच्या जुलैत ऑर्डर आली, घराजवळच्याच शाळेची. शाळेत चार्ज देऊन मी स्टेशनात गेले. वेटिंग रूमला बाहेरून कडी होती. ती बकऱ्या घेऊन रानात गेली होती. तासभर पायरीवर बसले, मग शेवटची बस चुकेल म्हणून निघाले. गावात कुणाला तरी तिच्या मुलीचा पत्ता विचारायचा राहून गेला, हे हायवेवर आल्यावर लक्षात आलं. तेवढ्यासाठी मागे फिरायचं त्राण नव्हतं.

आता मी दहा मिनिटांत शाळेत पोचते. लोक म्हणतात, सुटलीस. मी हो म्हणते. थकवा मात्र अजून पुरता गेलेला नाही.