आत्यानं न केलेली सही

शोकसभेत साहेब बोलायला उभे राहिले, तेव्हा वॉशरनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"बाई म्हणजे आमच्या खात्याची माउली," साहेब म्हणाले. "कधी कुणावर रागावल्याचं मला आठवत नाही."

वॉशर ही बाईंची भाची. लहानपणी नळातल्या वॉशरसारखी कुठल्याही दोन माणसांच्या मध्ये घुसून बसायची, म्हणून आत्यानंच तिचं हे नाव ठेवलेलं. आणि आत्या रागावली नाही म्हणे! राग तर तिच्या नाकाच्या शेंड्यावर. कुणाकडे गेली की आधी नळ बघायची. ठिबकत असला तर घरच्यांची बिनपाण्यानं करायची आणि मग पिशवीतला पाना काढून स्वतःच तो नीट करायची. नातेवाइकांच्या लेखी इंजिनिअर म्हणजे एवढंच: नळ गळला, बोलवा तिला. पाणीखात्यातली ती पहिली बाई इंजिनिअर. पंपघरात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, म्हणून आख्खा दिवस घोटभर पाणी न पिता शहराला पाणी पाजायची. पण हे कधी कुणी तिला विचारलं नाही. वॉशरला गणित तिनंच शिकवलं. उत्तर चुकलं की वही भिरकवायची आणि दहा मिनिटांनी आपणच उचलून आणायची.

साहेब तेव्हा तिचे वरिष्ठ होते. रस्त्याखालून नवी मोठी पाइपलाइन टाकली होती आणि तिची चाचणी आत्याकडे होती. पाइपात पाणी भरायचं, दाब चढवायचा, सगळं बंद करायचं आणि दोन तास मीटरचा काटा हलत नाही ना ते बघायचं. काटा अर्ध्या तासात उतरला, म्हणजे कुठेतरी गळत होतं. ठेकेदार म्हणाला, मीटर बिघडलंय. आत्यानं दुसरं मीटर आणून लावलं. त्याचाही काटा उतरला. उद्घाटन दोन दिवसांवर होतं. "सही करा, बारीकसारीक मागाहून बघू," साहेब म्हणाले. तिनं केली नाही. साहेबांनी स्वतः सही ठोकली आणि महिन्याभरात आत्याची बदली गोदामात झाली. निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं ती तिथे व्हॉल्व्ह मोजत बसली.

दुसऱ्याच वर्षी पाइप फुटला, रस्ता खचला आणि स्कूटरवरून कामाला निघालेली एक नर्स खड्ड्यात कोसळली. तिचा पाय कायमचा अधू झाला. चौकशीत दोष जमिनीचा निघाला. आत्या दर रविवारी त्या नर्सला भेटायला जायची. साहेब एकदाही गेले नाहीत.

वॉशर उठून माइकपाशी गेली आणि हे सगळं तिनं जसं घडलं तसं सांगितलं.

"बाळ, आजचा दिवस दुःखाचा आहे," साहेब हळूच म्हणाले. "जुनं उकरून काय मिळणार?"

"तुम्हाला काही मिळू नये, म्हणूनच उकरलं," ती म्हणाली. "माउली म्हणू नका तिला. तुम्ही तिला गोदामात टाकलंत."

साहेबांनी चष्मा खिशात घातला आणि बाजूच्या दारानं ते निघून गेले. लोक चपला शोधायला लागले.

बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, गाडीत येऊन बसले. मग म्हणाले, "चारचौघांत शोभा केलीस. ताईला नसतं आवडलं."

"कशावरून?"

ते काचेबाहेर बघत म्हणाले, "त्या वेळी ती माझ्याकडे आली होती. मी म्हणालो, एक सही तर आहे, करून मोकळी हो. एवढ्या तेवढ्यासाठी नोकरी पणाला लावू नकोस. ती चहा न घेता निघून गेली."

वॉशरला वाटलं होतं, आपला सगळा संताप साहेबांवर काढून झालाय. तो पुन्हा उसळून आला, आणि आता तर बापावर. असू दे, असं तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही.

"त्या नर्सचं नाव माहीत आहे तुम्हाला?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"आत्याला तिच्या मुलांचे वाढदिवस पाठ होते."

आठवडाभर घरात दोघं कामापुरतंच बोलली. रविवारी सकाळी बाबा बूट घालून दारात उभे दिसले.

"पत्ता आहे ना तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

ती त्यांना घेऊन गेली. काठी टेकत नर्सनं दार उघडलं आणि दोघांना आत बसवलं.

"हे आत्याचे भाऊ," वॉशर म्हणाली. "यांना तुम्हाला काही सांगायचंय."

बाबांनी मदतीसाठी तिच्याकडे पाहिलं. तिनं हाताची घडी घातली आणि ते बोलायला लागायची वाट बघत बसली.