साधनाच्या हातचं ऑपरेशन

आसेगावच्या पुंजाजींची लेक वैजयंती गर्भाशयाच्या कॅन्सरची सर्जन झाली, नागपुरात तिनं नाव कमावलं. पण एक प्रश्न तिला सोडत नव्हता. हेच ऑपरेशन जिल्ह्याच्या गावी, तिथल्याच डॉक्टरांनी शिकून केलं, तर बाया तितक्याच बऱ्या होतील का? वरिष्ठ हसले. तिनं त्यावरच संशोधन मांडलं आणि दर आठवड्याला वाशिमला येऊन तिथल्या डॉक्टरांना शिकवू लागली.

इंझोरीच्या रंगूबाईंचं ऑपरेशन तिनं पहिल्यांदाच वाशिमच्या डॉक्टर साधनावर सोपवलं. गर्भाशयाजवळची नाजूक मूत्रनलिका सोडवायची वेळ आली, तशी साधना थबकली.

"मॅडम, हे तुमी करता का?"

"तुले येते. कर."

वैजयंतीनं हात छातीशी घट्ट धरले. साधनानं नलिका अलगद मोकळी केली.

पाचव्या दिवशी रंगूबाई व्हरांड्यात चालत होत्या. "नागपूरले जा लागलं नाही, बरं झालं," त्या म्हणाल्या.

पुढं अशा दोनशे बायांवर पाच-पाच वर्षं नजर ठेवली. त्या शहरातल्या बायांइतक्याच बऱ्या झाल्या होत्या. त्यावरचा शोधनिबंध छापून आला, तेव्हा लेखकांत वैजयंतीनं पहिलं नाव साधनाचं घातलं होतं.