माझ्या वाटचं तुम्ही रागवा

"माझ्या वाटचं तुम्ही रागवा, गोपाळराव. मला मनाई आहे," असं म्हणून आमचे दरोगासाहेब उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवत आणि डोळे मिटून नाडी चाचपत. बोलताना निम्मं लक्ष स्वतःच्या आत ठेवणारी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. साहेबांचं निम्म्याहून जास्तच असे.

ठाण्याच्या खाडीकाठी, कोळशेतच्या अंगाला, सरकारी देखरेखीखालचं एक मिठागर होतं. ते तिथले दरोगा, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. घर त्यांचं कल्याणला. पण मिठाच्या हंगामात ते आणि वहिनी मिठागराशेजारच्या कौलारू घरात राहत. माणूस धिप्पाड, लालबुंद चेहऱ्याचा. आवाज असा, की पलीकडच्या तिवरांतले बगळे उठावेत.

त्यांचे वडील जेवता जेवता पानावरच कोसळले होते. थोरले भाऊ पूजेला बसले असताना. दोघांचंही अंग एका बाजूने लुळं पडलं आणि थोड्याच दिवसांत सगळं संपलं. त्यामुळे एके सकाळी साहेबांचा घोळणा फुटला आणि नाकातलं रक्त थांबेना, तेव्हा तो लाल चेहरा पांढराफटक पडला.

कल्याणच्या वैद्यबुवांनी नाडी पाहिली. "ताणलेल्या दोरासारखी लागते. रक्ताला फार जोर चढलाय. मीठ सोडा, तंबाखू सोडा. आणि राग सोडा, तो आधी."

आता मिठागरावर राहून मीठ सोडायचं! वहिनी दुधीची अळणी भाजी करीत, ताकही अळणीच देत. साहेब मुकाट्याने गिळत. पण खाडीवरून वारा सुटला की मीठ आपलं ओठांवर येऊन बसे. मग ते घाईघाईने उपरण्याने तोंड पुसत. मला हसू येई. एकदा जवळून पाहिलं, तर पुसून पुसून ओठ सोलवटले होते. त्यानंतर हसू आलं नाही.

दुपारचं जेवण ते एकटे जेवत नसत. मला समोर बसवून घेत. "बोलत राहा. माझं उत्तर आलं नाही, तर तुमच्या वहिनीला हाक मारा." मी भरतीओहोटीचं बोले, गावातल्या लग्नांचं बोले. तोंडात घास असला की त्यांच्या उत्तराला उशीर होई, आणि तेवढ्यात मी वहिनींना हाक मारायला तोंड उघडे.

साहेबांना रागाची मनाई, म्हणून मजुरांवर रागवायचं काम माझ्याकडे आलं. पण माझा आवाज बारीक. एकदा मजूर उशिरा आले म्हणून मी तावातावाने बोलू लागलो. आगऱ्यांचा म्होरक्या धर्मा साहेबांकडे वळून म्हणाला, "साब, यो वरडतंय का गातंय?" सगळे खदखदून हसले. साहेबही हसले, आणि लगेच बोटं मनगटावर गेली.

"हसायला मनाई नाही ना हो?" त्यांनी मला विचारलं. थट्टेने नव्हे, खरंच विचारलं.

वैद्यबुवांच्या सांगण्यावरून एक बाई अधूनमधून त्यांच्या कानामागे जळवा लावायला येई. तेव्हा ते माझा हात घट्ट धरून बसत. त्यानंतर काही दिवस डोकं हलकं वाटे. मग त्यांच्या मनात आलं, थोडं रक्त काढून इतकं बरं वाटतं, तर जास्त काढलं तर? कोणालाही न विचारता त्यांनी एका न्हाव्याला बोलावून हाताची शीर उघडवून घेतली. वाडगा भरत गेला तसतसे ते पांढरे होत गेले आणि मान कलंडली. मी वहिनींना हाक मारली. वहिनी धावत आल्या, त्यांनी जखम दाबून बांधली, तोंडावर पाणी मारलं.

"गेलो होतो का गं मी?" शुद्धीवर येताच साहेबांनी विचारलं.

"जात होतात," वहिनी म्हणाल्या, "आपल्याच पायांनी." आणि तिथेच भिंतीला टेकून रडू लागल्या.

मग आली वैशाखातली अमावास्या. खाडीला उधाण, वर सोसाट्याचा वारा. खालच्या वाफ्यांत बायामाणसं फळ्यांनी मीठ ओढत होती. आम्ही दोघे बांधावर होतो. पुढे एका ठिकाणी बांधाची माती ढासळू लागली होती. खालून ते कोणाला दिसत नव्हतं.

"ओरडा, गोपाळराव!"

मी ओरडलो. वाऱ्याने माझा आवाज माझ्याच तोंडात परत कोंबला. पुन्हा ओरडलो. एकानेही मान वर केली नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इतका घाबरलेला चेहरा मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"धर्मा! पानी आयलं! टाका सगला, वर या! वर या!"

हाकेमागून हाक. मानेवरच्या शिरा टरारून उठल्या. "साहेब, पुरे," म्हणून मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकून टाकला. शेवटची बाई पाटी टाकून वर चढली, आणि बांध फुटला. पाहता पाहता वाफे दिसेनासे झाले.

माणसं सगळी वाचली. ते पाहूनच साहेब थांबले. माझ्याकडे वळून काही सांगू लागले, पण शब्द जुळेनात. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा पाय मुडपला. मी आणि धर्माने त्यांना सावरलं. धर्माच्या माणसांनी त्यांना होडीत घालून कल्याणला घरी पोचवलं.

पुढे मी त्यांना भेटायला जाई. ते पडवीत खाटेवर पडलेले असत. वाचा गेली होती, पण चेहऱ्यावरची धास्तीही गेली होती. ज्याला इतकं भ्यायले, ते येऊन गेलं होतं. आता भ्यायचो आम्ही. ते झोपले की वहिनी आणि मी बोलणं थांबवून त्यांचा श्वास ऐकत बसायचो.

दिवाळीनंतर निरोप आला. मी पोचलो तोवर मंडळी त्यांना घेऊन गेली होती. आत बायका जमल्या होत्या. खाट धुऊन अंगणात भिंतीशी उभी केली होती आणि सुंभातून पाणी ठिबकत होतं. आत जायचा धीर होईना. मी तसाच उन्हात उभा राहिलो, खाट वाळेपर्यंत.