डिंकताईची भिंत

छातीच्या दवाखान्यातून निघून अर्धा रस्ता झाला होता. डिंकताई दम खायला रस्त्यावरच्या तिसऱ्या खांबाला टेकली. "तू हो पुढे," म्हणाली. "खांब ओळखतात मला आता."

आमच्या वाचनालयात ती पुस्तकं बांधायची, मी वर काउंटरवर पुस्तकं द्यायचे. अंगाला कायम डिंकाचा वास, म्हणून सगळे तिला डिंकताई म्हणत. मी दिवसभर सगळ्यांची बोलणी खायची आणि हिला तळघरात स्वतःची खोली, स्वतःची किल्ली! सोळा वर्षं ती किल्ली माझ्या डोळ्यांत खुपली. तिनं शिवलेल्या पुस्तकाचा टाका मी उगाच नखानं ओढून बघायचे. कधी निघाला नाही मेला. देवासमोर हात जोडले तरी मनात तीच खोली. दोनदा तर साहेबांकडे अर्जही दिला, मला खाली बसवा म्हणून.

तिचा खोकला तीन वर्षं हटलेला नाही. आज डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. पण साहेब वर जागा द्यायला तयार नाहीत. म्हणतात, भिंत कोरडी ठणठणीत आहे, मी स्वतः बघितली.

"खरंच कोरडी आहे का गं?" मी विचारलं.

"कसली कोरडी! पाइप फुटला तेव्हापासून पाझरते. डाग आला की मी पिठाची खळ लावून वर जाड कागद चिकटवायचे. पुन्हा आला की पुन्हा कागद. सात-आठ थर झाले असतील. मागे बुरशी माझीच खळ खाऊन माजलीय."

"अगं, पण लपवलंस कशाला?"

"तुझ्यामुळे, बाई! ओल दिसली असती तर साहेबांनी दुरुस्तीला खोली रिकामी केली असती, आणि मग दिली असती तुला. टपलेलीच होतीस की."

टपलेली तर मी होतेच. आणि खरं सांगते, तेवढ्यातही मनात आलंच, की वर आली तर ही माझ्याच काउंटरच्या खिडकीशी बसणार.

ती हसायला गेली आणि खोकतच राहिली. श्वास जागेवर आल्यावर तिनं पिशवीतून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"उद्या साहेबांना घेऊन खाली जा. त्यांच्यासमोर तो कागद तू सोल. चिकटवलेला कागद माझ्या हातानं नाही फाडवत गं."