क्यू-टेनची कॅप्सूल आणि माझ्या मांड्या

माझ्या हिच्या पहिल्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे वर्षाच्या पुण्यतिथीला, दोन-तीन महिने उरले होते आणि माझ्या मांड्या संपावर गेल्या. खाली बसलो की उठता येईना. छातीत स्प्रिंग टाकल्यापासून कोलेस्ट्रॉलची गोळी चालू होती. हे तिचंच काम, असा माझा वहीम.

सून म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी विहारात तुम्हाला खुर्ची ठेवू."

"खुर्चीत बसायला मी काय पाहुणा पुढारी आहे? बायको माझी गेलीय. मी गुडघे टेकून वंदन करणार आणि माझा मी उठणार."

तिनं खुर्ची तेवढी पुसून ठेवली.

चाकणच्या कंपनीतला माझा जुना जोडीदार आता तळेगावात असतो. तोही त्याच गोळीचं गिऱ्हाईक. फोनवर म्हणाला, "भावा, क्यू-टेनची कॅप्सूल घे. अंगदुखी पळते बघ."

मेडिकलमधून आणली. लालभडक, आत तेल. बघताच वाटलं, हे तर ग्रीस! मी सातवी नापास, पण जन्म मशिनवर गेला. मशिन कुरकुरलं की आधी बंद करायचं, मग ग्रीस द्यायचं. चालू मशिनमध्ये बोट घालतो तो अडाणी. म्हणून मी गोळी बंद केली आणि कॅप्सूल सुरू केली. कुणाला विचारलं नाही. जिला विचारायचो ती फोटोत.

थोड्याच दिवसांत मांड्या मोकळ्या झाल्या. मग काय, राव! चहाच्या टपरीवर मी उठाबशा काढून दाखवल्या. सगळे म्हातारे त्या कॅप्सूलच्या मागे लागले. एकाला तर कोलेस्ट्रॉलच नव्हतं, तरी त्यानं डबी आणली. मेडिकलवाला मला लांबूनच नमस्कार करायला लागला.

सुनेला घेऊन नेहमीच्या तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. रिपोर्ट बघून तिनं चष्मा काढला.

"काका, कोलेस्ट्रॉल इतकं वाढलं कसं? गोळी घेताय ना?"

"ती बंद केली. तिच्या जागी ही घेतो. एकदम फर्स्ट क्लास."

सून माझ्याकडे अशी बघायला लागली, की स्प्रिंग तिथंच निसटली असती.

बाई म्हणाल्या, "दुखणं कॅप्सूलनं थांबलं की गोळी बंद केल्यानं?"

कंपनीत नवीन पोरांना मी याच्यावरूनच शिव्या घालायचो. मशिनवरचा जॉब बिघडला तर एका वेळी एकच सेटिंग बदल रे गाढवा, दोन बदललीस तर कशानं सुधारलं ते तुझ्या बापाला तरी कळंल का?

बाई पुढं म्हणाल्या, "त्या कॅप्सूलनं कुणाला बरं वाटतं, कुणाला काहीच फरक पडत नाही. खात्री कुणी देत नाही. घ्यायची तर मला सांगून घ्या. पण ती गोळीची जागा घेत नाही. स्प्रिंग टाकलेल्या माणसानं गोळी अशी परस्पर सोडायची नसते."

"मग मला खाली बसता येणार न्हाई का?"

"कुठं बसायचंय?"

सांगितलं. मग बाईंची घाई कमी झाली. रक्त काढून स्नायूंची तपासणी केली, व्हिटॅमिन डी कमी निघालं त्याचं औषध दिलं, आणि कोलेस्ट्रॉलची दुसरी गोळी लिहिली, कमी ताकदीची. "दुखलं तर फोन करा. स्वतः इंजिनिअर होऊ नका."

टपरीवर जाऊन मी खरं काय ते सांगितलं. म्हातारे तापले. कोलेस्ट्रॉल नसलेला म्हणाला, "मला मात्र गुण आला बरं का!"

नवीन गोळीनं मांड्या थोड्या कुरकुरल्या, पण कामावर आल्या.

त्या दिवशी विहार भरला होता. भंतेंनी त्रिशरण, पंचशील दिलं. मी हिच्या फोटोला फूल वाहिलं, गुडघे टेकले, डोकं जमिनीला लावलं. बाकीचे उठले. मी तसाच राहिलो. मागून मुलाचे हात काखेत आले. सून कुजबुजली, "खुर्ची आणा, खुर्ची."

"सोड रे," मी खालूनच म्हणालो. "पाय चांगलेत माझे. जरा हिच्यापाशी थांबू दे."